वाळवंटातील पाहुणे

फलोदीचे नाव बहुतेकांना ठाऊक असते ते तेथील उन्हाळ्यामुळे. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील या गावी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्याच फलोदीचा हिवाळा मात्र फार थोड्यांनी अनुभवलेला असतो. पौषात तेथील आकाश निरभ्र, दुपारचे ऊन सुखकर आणि हवा कमालीची कोरडी असते. सूर्य मावळला की वाळू दिवसभराची ऊब झपाट्याने टाकून देते आणि दुपारी नुसत्या सदऱ्यावर बसलेला मनुष्य रात्री दोन रजया मागतो.

फलोदीपासून चार-पाच किलोमीटर अंतरावर खीचन हे लहानसे गाव आहे. लाल दगडात कोरलेल्या झरोक्यांच्या हवेल्या हे या गावाचे वैभव. त्या बांधणाऱ्या ओसवाल व्यापाऱ्यांचे वंशज उदरनिर्वाहासाठी चेन्नईला गेले, मुंबईला गेले, महाराष्ट्रातील बाजारपेठांच्या गावी स्थायिक झाले आणि हळूहळू तेथलेच झाले. खीचनमधील कित्येक दारांना आज कुलपे आहेत. अशा घरांपैकी एक घर गेली नऊ वर्षे हिवाळ्यात दोन महिने उघडते. अहिल्यानगर जिल्ह्यात चाळीस वर्षे धान्याची अडत चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी तेथे येऊन राहतात. नातवंडे त्यांना दादाजी आणि दादी म्हणतात. येथेही तेच संबोधन योग्य ठरेल.

त्या दोन महिन्यांचा दिनक्रम साधा असतो. सूर्योदय सव्वासात वाजून गेल्यावर होतो. तोपर्यंत दोघांची सामायिक झालेली असते. नवकारसीनंतर दूध घेऊन दोघेही छतावर उन्हात बसतात, कारण त्या वेळी गावावरून कुरजांचे थवे जातात. दुपारी शेजारच्या बायका येतात. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होत असल्याने जेवण त्याआधीच आटोपते. मग प्रतिक्रमण आणि लवकर झोप. या घरात दादाजींचा जन्म झाला नव्हता; त्यांच्या वडिलांचा झाला होता. तरीही येथे आले की त्यांचे बोलणे थोडे मोकळे होते, असे दादींचे निरीक्षण आहे.

यंदा नाताळच्या सुट्टीत या घरी नऊ पाहुणे आले: पुण्याहून थोरला मुलगा, सून आणि त्यांची दोन मुले, नाशिकहून धाकटा मुलगा, सून आणि त्यांची मुलगी, बंगळूरहून लेक आणि तिचा मुलगा. सर्वांना एकत्र येण्याचे कारण केवळ सुट्टी नव्हते. श्रावणात दादाजींना हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन गेला होता. मोठे रुग्णालय जोधपूरला, म्हणजे जवळजवळ १४० किलोमीटरवर. त्यातच घराला गिऱ्हाईक आले होते आणि किंमतही बरी सांगत होते. वृद्ध आईवडिलांनी थंडीचे दोन महिने एवढ्या दूर एकटे राहू नये आणि रिकामे घर विकून टाकावे, असे मुलांचे म्हणणे होते. ते वावगे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. आठ दिवस सर्वांनी सोबत राहावे आणि निघण्यापूर्वी निर्णय करावा, असे ठरले होते.

दादींनी त्या आठ दिवसांची तयारी पंधरा दिवस आधीपासून केली. फलोदीहून गाद्या आणि रजया भाड्याने आणल्या. दोन हीटर आणले, न्हाणीघरात गीझर बसवून घेतला. पाण्याच्या बाटल्यांची खोकी, पाव, नूडल्सची पाकिटे, मुलांच्या आवडीची बिस्किटे, सारे भरून ठेवले. त्यांच्या मनातील हिशेब सरळ होता. पाहुण्यांना काही कमी पडले नाही, तर घर विकण्याची गोष्ट कोणी काढणार नाही. कोठे गैरसोय झाली, तर मात्र घर गेलेच.

पाहुणे जोधपूरहून मोटारीने आले. वाटेत ओसियां येथे थांबून त्यांनी महावीरस्वामींच्या प्राचीन मंदिराचे दर्शन घेतले. ओसवाल हे नाव ज्या गावावरून पडले ते हेच, हे मुलांना तेथेच प्रथम कळले. खीचनला पोहोचल्यावर पहिले तीन दिवस पाहुणचाराला खळ पडला नाही. एक दिवस जैसलमेरचा प्रवास, एक दिवस रामदेवरा. घरी असतील तेव्हा कच्च्या केळ्याची पावभाजी, पनीर, नूडल्स. दादी पहाटे पाचला स्वयंपाकघरात शिरत आणि रात्री अकरा माणसांची अंथरुणे घालून बाहेर येत. तीन दिवस त्यांची सामायिक झाली नाही. सुना मदतीला आल्या की, “तुम्ही चार दिवसांसाठी आलात, बसा” असे सांगून त्या त्यांना परत पाठवीत. बसलेल्या सुना मोबाइल पाहत, मुले हीटरजवळ गेम खेळत. “हे सगळं तर पुण्यातही मिळतं,” असे नऊ वर्षांची नात सहज बोलून गेली. दादींनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक पदार्थ वाढवला.

या घराच्या अंगणाखाली टांका आहे. टांका म्हणजे पावसाचे पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली बांधलेली आणि आतून चुन्याने लिंपलेली टाकी. छतावर पडणारे पाणी पन्हाळीतून तिच्यात उतरते, म्हणून पावसाळ्याआधी छत झाडून, धुऊन स्वच्छ करावे लागते. अनुपम मिश्र यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात मरुभूमीतील पाण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: थेट पावसाचे ते पालर, विहिरीतून काढावे लागणारे भूगर्भातील ते पाताल, आणि वाळूखालच्या खडियाच्या थराने अडवून धरलेल्या ओलाव्यातून पाझरणारे ते रेजाणी. टांक्यातले पाणी पालर. या घरची रीत अशी की, पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी टांक्याचे पाणी, बाकी सर्व कामांना नळाचे. दोन माणसांना ते फाल्गुनापर्यंत सहज पुरते.

त्या आठवड्यात नळाची पाळी दोनदा चुकली. गीझर मात्र दिवसभर चालू होता आणि प्रत्येक जण आपल्या शहरातील सवयीप्रमाणे नाहत होता. दादाजींनी कोणाला काही न सांगता टांक्यातले पाणी पंपाने छतावरच्या टाकीत चढवण्यास सुरुवात केली.

चौथ्या रात्री थोरली सून पाणी पिण्यासाठी उठली, तेव्हा अंगणात दिवा दिसला. दादाजी टांक्याच्या तोंडाशी वाकून उभे होते आणि लोटा बांधलेली दोरी आत सोडत होते. अंगावरची शाल बाजूला पडली होती.

“बाबूजी, एवढ्या थंडीत काय करताय?”

“काही नाही, तू झोप. पाणी किती आहे ते बघत होतो.”

“किती आहे?”

“आहे. उद्या टँकर येईल, मी सांगून ठेवलंय.”

तिने दोरी हातात घेऊन वर ओढली. ओली खूण वीतभरही नव्हती.

“हे आम्हाला का नाही सांगितलंत?”

“पाहुण्यांना पाणी कमी आहे म्हणून सांगायचं का, बेटा?”

“आम्ही पाहुणे आहोत का, बाबूजी?”

दादाजींना यावर उत्तर सुचले नाही. सुनेने शाल उचलून त्यांच्या खांद्यावर घातली आणि त्यांना आत नेले. पाणी संपल्याचे तिला फारसे वाटले नव्हते. अठरा वर्षे या घराची सून असूनही आपल्यापासून घरातली उणीव लपवली जाते, हे तिला लागले. हृदयविकारातून उठलेला मनुष्य मध्यरात्री थंडीत उभा राहतो, तो आपल्याला गरम पाण्याची कमतरता भासू नये म्हणून, ही जाणीव तर त्याहून बोचरी होती.

सकाळी तिने सर्वांसमोर गोष्ट उघड केली. दादींना ते मुळीच आवडले नाही. “घरातलं झाकलेलं बाहेर काढायची काही गरज नव्हती,” असे त्या म्हणाल्या आणि दुपारपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. परंतु गोष्ट उघड झाल्यावर ती सर्वांचीच झाली. टँकर आला, तो अर्धाच रिकामा करून घेतला. प्रत्येकाला स्नानासाठी एक बादली, त्यातले वापरलेले पाणी लादी पुसण्यासाठी, असे वाटप ठरले. बारा वर्षांच्या नातवाने पिण्याचे पाणी गाळण्याचे काम मागून घेतले. दुहेरी गाळणे कसे धरावे, गाळलेल्यात राहिलेले जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात जिवाणी म्हणून हलकेच कसे परत सोडावे, हे दादाजींनी त्याला दोनदा करून दाखवले. पाठशाळेत त्याने हे वाचले होते. कळशी दोरीने सोडताना तिचा धक्का पाण्याला लागू नये म्हणून श्वास रोखून धरावा लागतो, हे त्याला इथे कळले.

धाकटी सून चुलीशी बसली. तिला नगरकडची बाजरीची भाकरी उत्तम येते. ती परातीत थापली जाते. मारवाडातला सोगरा मात्र दोन्ही तळव्यांवर फिरवत वाढवायचा असतो. तिचे पहिले चार सोगरे हातातच तुटले आणि दादींना, राग असूनही, जवळ येऊन बसावे लागले. अष्टमी होती. हिरवी भाजी वर्ज्य असल्याने दादींनी वाळवलेले केर आणि सांगरी काढली. लेक निवडायला बसली. पाव आणि नूडल्सची पाकिटे फडताळातच राहिली.

अतिथिसंविभाग हे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी शेवटचे व्रत. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात त्याचा उल्लेख आहे. या व्रतातील अतिथी म्हणजे मुख्यतः साधू-साध्वी, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम शिजवलेले अन्न त्यांना कल्पत नाही. गृहस्थाने स्वतःसाठी जे केले असेल, त्यातला योग्य वाटा द्यावयाचा. गोचरीचा नियम जाणणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. परंतु हा विचार घरच्या पाहुण्यांना लावून पाहण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. आप्त येणार म्हटले की आपण आपले नित्याचे जिणे उचलून बाजूला ठेवतो आणि त्यांच्यासाठी एक वेगळे, भाड्याने आणलेले जिणे मांडतो. त्यात श्रम पुष्कळ असतात, प्रेमही असते. संविभाग मात्र नसतो. कारण वाटा सुखाचा असतो तसा उणिवेचाही असतो. ज्याला घरातली उणीव कळू दिली जात नाही, तो कितीही लाडका असला तरी परका राहतो.

खीचनच्या गावकऱ्यांचे दुसरे पाहुणे या बाबतीत बरेच काही शिकवतात. कुरजा म्हणजे मराठीतला कांड्या करकोचा. क्रौंच कुळातील सर्वांत लहान पक्षी. मंगोलिया आणि मध्य आशियातून, काही थवे तर हिमालय ओलांडून, पावसाळा सरताना हे पक्षी येथे उतरतात आणि फाल्गुनाच्या सुमारास परत जातात. दूरदेशी गेलेल्या पतीला कुरजांबरोबर निरोप धाडणाऱ्या स्त्रिया राजस्थानी लोकगीतांत भेटतात. व्यापारासाठी परदेशी जाणाऱ्या पुरुषांच्या या गावात त्या गीतांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे. १९७०च्या दशकात येथील रतनलाल मालू यांनी पक्ष्यांना दाणे घालण्याचे काम अंगावर घेतले. कबुतर-चिमण्यांबरोबर थोड्या कुरजाही उतरू लागल्या आणि वर्षागणिक त्यांची संख्या हजारोंवर गेली. गावाने त्यांच्यासाठी कुंपण घातलेले चुग्गाघर केले. तेथे जोंधळा पसरलेला असतो. दाणे टिपून झाल्यावर थवे रातडी नाडी आणि विजयसागर तलावाकडे पाण्याला जातात. जून २०२५ मध्ये या पाणथळ क्षेत्राचा समावेश रामसर यादीत झाला.

या पाहुणचारात दिखाऊ काही नाही. जोंधळा हे साधे धान्य. त्याखेरीज गाव दोन गोष्टी करते: पक्ष्यांच्या वाटेतील धोका दूर करते, म्हणूनच तेथील विजेच्या तारांसाठी गावकऱ्यांनी पाठपुरावा केला, आणि दाणे टाकून झाल्यावर त्यांना त्यांच्या मर्जीवर सोडते. पाहणाऱ्यांनी छतावर बसून पाहावे, जवळ जाऊ नये. सहाव्या दिवशी सकाळी घरातली अकराही माणसे छतावर रजया गुंडाळून बसली होती. ज्या नातीला येथले सर्व काही पुण्यासारखे वाटले होते, तिने थव्यांतले पक्षी मोजण्याचा प्रयत्न केला आणि चारशेनंतर सोडून दिला.

घराचा विषय कोणी काढला नव्हता. तो त्या दुपारपासून आपोआप निघू लागला. सांगरी निवडताना दादींनी लेकीला सांगितले की, मार्गशीर्षात जिना उतरताना त्यांना भोवळ आली होती आणि त्या पायरीवरच बराच वेळ बसून राहिल्या होत्या. दादाजींनाही त्यांनी हे सांगितले नव्हते. लेकीने ते भावांना सांगू का, असे विचारले. “सांग,” दादी म्हणाल्या, “आता काय झाकायचं राहिलंय?”

दादाजी थोरल्या मुलाजवळ बोलले. रात्री वाऱ्याने झरोक्याचे दार आपटले की भीती वाटते, मोबाइल उशीखाली ठेवून झोपतो, हे त्यांनी मान्य केले. मुलगा इतकी वर्षे त्यांच्या तोंडून “आम्हाला तिथे काही त्रास नाही” एवढेच ऐकत आला होता आणि म्हणूनच त्याचा त्यांच्या कोणत्याच बोलण्यावर विश्वास बसत नव्हता.

“मग इथे यायचा हट्ट कशासाठी, बाबूजी?”

“तिकडच्या फ्लॅटमध्ये मला भीती वाटत नाही, हे खरं. पण तिथे दिवसभर दुसरंही काही वाटत नाही.”

मुलगा त्यावर काही बोलला नाही. परंतु त्या संध्याकाळी त्याने गिऱ्हाइकाचा विषय काढला, तो वेगळ्या रीतीने. विकायचे की नाही, हे न विचारता, हे घर आणि ही दोन माणसे यांना काय काय लागेल याची त्याने यादी करायला घेतली. यादी लांबली. गावातला एक विश्वासू मनुष्य रात्री झोपायला हवा. जिन्याला कठडा हवा. वरच्या मजल्याचे छत गळते, ते दुरुस्त केले नाही तर भिंत जाईल आणि टांक्यात पाणीही कमी येईल. जोधपूरच्या डॉक्टरांची वेळ आधी ठरवून ठेवायला हवी. शिवाय, दोघांनी एकट्याने राहायचे नाही; दर पंधरवड्याला कोणीतरी सोबत असलेच पाहिजे. एवढी रजा कोणाजवळच नव्हती. हिशेब मांडता मांडता दोन महिन्यांचा मुक्काम एक महिन्यावर आला.

दादींना हे पटले नाही. महिनाभरात तर घराची धूळही नीट निघत नाही, असे त्या म्हणाल्या आणि ते खरेही होते. माघी पौर्णिमेपर्यंत येथे राहण्याचा त्यांचा नऊ वर्षांचा नेम मोडणार होता. दादाजींनी त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. “थोडं आपणही सोडू,” एवढेच ते म्हणाले. गिऱ्हाइकाला दोन वर्षे थांबा, असे कळवण्यात आले. तो थांबेल याची कोणालाही खात्री नाही, आणि दोन वर्षांनी घर राहील याचीही नाही.

आठव्या दिवशी पाहुणे गेले. हीटर आणि गाद्या परत गेल्या, बाटल्यांची न उघडलेली खोकी दुकानदाराने घेतली. टँकरचे आणि गादीवाल्याचे पैसे दादाजींना देऊ न देता तिन्ही मुलांनी वाटून दिले. निघताना नातवाने गाळणे धुऊन दोरीवर वाळत घातले आणि जिवाणी सोडून झाली आहे, असे दादींना सांगितले. लेक मात्र आठवडाभर मागे राहिली. पहिली पाळी तिने घेतली होती.

एक काम शिल्लक आहे. पावसाळ्यापूर्वी, ज्येष्ठात, छत दुरुस्त करून धुऊन घ्यावे लागेल, तरच पुढच्या हिवाळ्यासाठी टांक्यात पाणी साठेल. फलोदीच्या त्या उन्हाळ्यात आईवडिलांनी यायचे नाही, हे सर्वांनी ठरवले आहे. धाकटा मुलगा जाणार आहे. त्याने कामावरच्या रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवला आहे.